कळलं का?

अकरा वेळा. सात मिनिटांच्या व्हिडिओत मी अकरा वेळा ‘कळलं का?’ असं विचारलं होतं आणि एकदाही उत्तरासाठी थांबले नव्हते. मोजणी माझी नाही. शेजारी बसलेल्या फॉरेन्सिकच्या सरांनी कागदावर उभ्या रेघा मारत, चार झाल्या की पाचवी आडवी ओढत ती केली आणि कागद हळूच माझ्यापुढे सरकवला. दोन जुड्या आणि वर एक रेघ. मला आधी रागच आला. मग व्हिडिओ परत लावायला सांगितला आणि स्वतः मोजले. अकराच होते.

मी मेडिसिनची. एम.डी. करून मराठवाड्यातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर म्हणून लागले, तेव्हा तुला शिकवता येतं का, असं मला कोणी विचारलं नाही. सोमवारी जॉइन झाले आणि गुरुवारी दीडशे पोरांसमोर उभी होते. शाळेत शिकवायचं तर डी.एड., बी.एड. लागतं. डॉक्टरांना शिकवायला मात्र स्वतः डॉक्टर असणं पुरतं, असा आपल्याकडचा जुना समज. मीही तो धरून होते. माझ्या सरांनी मला जसं शिकवलं तसंच मी शिकवत होते: त्यांच्याच क्रमाने, त्यांच्याच उदाहरणांनी, अगदी त्यांच्याच विनोदांनी. वॉर्डात पोरगं चुकलं की सगळ्यांसमोर त्याचा पाणउतारा करायचा, हेही त्यांच्याकडूनच आलेलं.

डॉक्टरांनी शिकवायचं कसं, याच्या तीन दिवसांच्या बेसिक कोर्सला मी गेले ती प्रमोशनसाठी. असोसिएट व्हायचं तर हे सर्टिफिकेट लागतं. हॉलमध्ये तीसेक जण होतो आणि शिकायचं म्हणून आलेले त्यात दोन-तीन असतील. बाकीचे टेबलाखाली फोन धरून ओपीडी, कॅज्युअल्टी आणि रजेवर गेलेले रेसिडेंट सांभाळत होते. पहिला तासभर आइसब्रेकिंगमध्ये गेला. पन्नाशीतले सर्जन कागदाचा बोळा एकमेकांकडे फेकून आपापला आवडता पदार्थ सांगत होते. तो तास वाया गेला असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

कोर्स चालवणाऱ्या मॅडम अ‍ॅनाटॉमीच्या होत्या. मुंबईच्या केईएममध्ये जी. एस. मेडिकल कॉलेजचं फायमर हे वैद्यकीय शिक्षकांना शिकवण्याचं प्रशिक्षण देणारं केंद्र 2005 पासून चालतं, तिथली दोन वर्षांची फेलोशिप त्यांनी आपली नोकरी सांभाळून केली होती. आवाज बारीक, घाई अजिबात नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला एकेका विषयाचं उद्दिष्ट लिहायला सांगितलं. मी लिहिलं, ‘लेक्चरनंतर विद्यार्थ्याला अ‍ॅनिमिया समजेल.’ त्यांनी वाचलं आणि विचारलं, “समजलं हे तुम्हाला दिसणार कसं?”

मी म्हटलं, “चेहऱ्यावरून कळतं की.”

“बरं,” एवढंच म्हणून त्या पुढच्या टेबलाकडे गेल्या.

दिसेल असं काहीतरी लिहा, हा त्यांचा हट्ट. समजेल, माहीत होईल, जाण येईल ही क्रियापदं त्यांनी फळ्यावर लिहून त्यांच्यावर काट मारली. सांगेल, ओळखेल, तपासून दाखवेल, दोन आजारांतला फरक करेल, अशी चालतील. माझ्यासारख्या क्लिनिशियनला हा कारकुनी खटाटोप वाटला. 2019 च्या बॅचपासून एमबीबीएसला क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला, तेव्हापासून आमच्याकडे लॉगबुकं आणि रकाने यांचा पूरच आला होता. त्यात ही आणखी एक भर, असं मनात म्हणत मी ‘समजेल’ खोडून ‘पेरिफेरल स्मिअर पाहून प्रकार ओळखेल’ असं लिहिलं. स्मिअर म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बघायची रक्ताची काचपट्टी. लिहिताना लक्षात आलं की माझ्या लेक्चरमध्ये मी स्मिअर दाखवतच नाही. वर्गीकरणाचा तक्ता दाखवते.

दुसऱ्या दिवशी जॉर्ज मिलर या अमेरिकन वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञांचा पिरॅमिड आला. 1990 मध्ये त्यांनी मांडलेल्या चार पायऱ्या. तळाला माहीत असणं, त्यावर कसं करायचं हे माहीत असणं, मग करून दाखवणं आणि टोकाला रोजच्या कामात प्रत्यक्ष करणं. आमच्या पेपरांतले बहुतेक प्रश्न तळाच्या पायरीवर बसतात आणि पोरगं इंटर्न झालं की पहिल्याच रात्री आपण त्याच्याकडून टोकाची अपेक्षा करतो. यात कुणाशी भांडावं असं काही नव्हतं. पण चहाच्या वेळी एक सर्जन म्हणाले, “पिरॅमिड बरोबर आहे हो, पण दीडशे पोरांना करून दाखवायला पेशंट कुठून आणायचे?” याचं धड उत्तर त्या दिवशी कोणी दिलं नाही.

मग तिसऱ्या दिवशी मायक्रोटीचिंग. पाच-सहा जणांचा गट. एकाने सात मिनिटं शिकवायचं, बाकीच्यांनी विद्यार्थी व्हायचं आणि तक्ता भरायचा. सुरुवात कशी केली, प्रश्न कसे विचारले, फळा कसा वापरला, शेवट केला की वेळ संपली म्हणून सोडून दिलं. मी दहा वर्षं लेक्चर देत होते, वर्गात पोरं हसायची, टाळ्याही पडायच्या. त्यामुळे मी निर्धास्त होते. अ‍ॅनिमियावरच बोलले, झोकात बोलले. त्यानंतर तो व्हिडिओ आणि त्या रेघा.

मॅडमनी आधी मलाच विचारलं की मला स्वतःला काय बरं जमलं असं वाटतं. मग गटाला. मग काय वेगळं करता आलं असतं, तेही आधी मला आणि नंतर गटाला. या क्रमाचा मला तेव्हा कंटाळा आला होता, सरळ चूक सांगा आणि मोकळ्या व्हा असं वाटत होतं. पण माझ्या तोंडूनच निघालं की मी प्रश्न विचारते आणि मीच उत्तर देते. ते दुसऱ्या कोणी आधी म्हटलं असतं तर मी दहा सबबी सांगितल्या असत्या.

त्यावर मॅडमनी मेरी बड रो या अमेरिकन अभ्यासक बाईंचं काम सांगितलं. शाळांमधले विज्ञानाचे तास तपासताना त्यांना आढळलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम सेकंदभर थांबतात. तोच थांबा तीन सेकंदांवर नेला की मुलांची उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. तीन सेकंद! मला वाटलं, हे तर काहीच नाही. मॅडम म्हणाल्या, “थांबून बघा.”

परत आल्यावर पहिल्याच लेक्चरला थांबून बघितलं. मायक्रोसायटिक अ‍ॅनिमिया आहे, म्हणजे तांबड्या पेशी लहान झाल्यात, पण फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, नॉर्मल आहे, आता पुढे काय? एक, दोन, तीन. पंखे फिरत होते. पाच, सहा. मागच्या बाकांवर कोणीतरी खोकलं. पोरं माझ्याकडे बघत नव्हती, आता मॅडमच सांगतील म्हणून पेन उघडून बसली होती. दहा वर्षं माझ्यासारख्यांनीच त्यांना हे वळण लावलेलं. नवव्या सेकंदाला मी हरले आणि उत्तर सांगून टाकलं.

महिनाभर असंच चाललं. शेजाऱ्याशी दोन मिनिटं बोला आणि मग उत्तर द्या, असं सांगितलं तर वर्गाचा मासळीबाजार झाला आणि परत शांत करण्यात पाच मिनिटं गेली. अभ्यासक्रम मागे पडला. “सिलॅबस काय पेशंट संपवणार का मॅडम?” असं आमच्या विभागप्रमुखांनी विचारलं, आणि त्यांचंही चूक नव्हतं. पोरांचं तर वेगळंच. शेवटच्या वर्षाची निम्मी पोरं नीट पीजीच्या तयारीत, फोनवर अ‍ॅप उघडून एमसीक्यू सोडवत बसलेली. त्यांना माझा थांबा नको होता, चार पर्यायांतला बरोबर पर्याय हवा होता. एकाने फीडबॅकच्या फॉर्मवर लिहिलं, ‘आधी छान शिकवायच्या.’ ते वाक्य आठवडाभर डोक्यात होतं.

कॉलेजात वैद्यकीय शिक्षण विभागाची खोली होती. दारावर पाटी होती, कुलूपही होतं. किल्लीचा शोध लागायला दोन दिवस गेले. सर्टिफिकेट घेतलेले आम्ही बाराजण होतो आणि ते घेतल्यानंतर एकमेकांशी या विषयावर एक शब्दही बोललो नव्हतो. तीन दिवसांत सवयी बदलत नाहीत. मधुमेहाच्या पेशंटला एकदा डाएटचा कागद देऊन आपण वर्षभर बोलावलंच नाही तर काय होईल, तसंच हे. मी अ‍ॅनाटॉमीच्या मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, “लेक्चर राहू द्या. वॉर्डपासून सुरू करा. आणि कुणाला तरी मागे बसवा.”

वॉर्डात वीसेकच पोरं असतात. तिथे मी कोर्समध्ये घाईघाईत सांगितलेली पाच पायऱ्यांची एक पद्धत धरली. 1992 मध्ये काही अमेरिकन फॅमिली फिजिशियन्सनी ती लिहिली, एका मिनिटात शिकवण्याची म्हणून तिचं नाव. आधी विद्यार्थ्याकडून निदान वदवून घ्यायचं, मग कशावरून ते विचारायचं, मग एकच नियम शिकवायचा, बरोबर काय केलं ते नेमकं सांगायचं आणि शेवटी चूक दुरुस्त करायची. कागदावर सोपं दिसतं. सगळी मेख पहिल्या दोन पायऱ्यांत आहे, कारण तिथे आपण गप्प राहायचं असतं.

एक केस सांगते. साठी ओलांडलेल्या एक आजी, तक्रार चक्कर येण्याची. केस घेतली होती राजस्थानातून आलेल्या एका मुलाने. ऑल इंडिया कोट्यातून येणारी अशी पोरं दरवर्षी असतात. सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्समध्ये त्यांना स्थानिक भाषेचे तास असतात, पण त्यातून ‘तुमचं नाव काय’च्या पुढे फारसं कोणी जात नाही. तो म्हणाला, “मॅम, व्हर्टिगो.”

“कशावरून?”

“पेशंटला विचारलं चक्कर येते का, त्या हो म्हणाल्या.”

माझी नजर आल्या आल्याच आजींच्या जिभेवर आणि नखांवर गेली होती. कागदासारखी पांढरी. उत्तर माझ्या ओठांवर होतं आणि मी हाताची घडी घट्ट करून उभी राहिले. एक, दोन, तीन, चार. पेशंटसमोर, रेसिडेंटसमोर गप्प उभं राहणं हे वर्गापेक्षाही अवघड. आपल्यालाच येत नाही असं वाटेल की काय, ही भीती इतक्या वर्षांनंतरही असते, हे मला त्या पलंगाशेजारी कळलं.

मागून एक मुलगी बोलली. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकून आलेली, इंग्रजीच्या धास्तीने दोन वर्षांत माझ्यासमोर तोंड न उघडलेली. “मॅडम, मी विचारू?” आणि आजींकडे वळून, “आजी, चक्कर येते म्हंजे नेमकं काय होतंय, तुमच्या भाषेत सांगा बरं.”

“उठून उभं राहिलं की डोळ्यापुढं अंधारी यायलीय बघ माय. जरा टेकलं की बरं वाटतंय.”

व्हर्टिगोत होतं तसं घर फिरत नव्हतं, भिंती फिरत नव्हत्या. उभं राहिल्यावर अंधारी. आता बाकीची पोरं जवळ सरकली. कोणी डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली, कोणी झोपवून आणि उभं करून बीपी मोजलं. त्या मुलीने गुडघ्यांबद्दल विचारलं. आजी सहा महिने मेडिकलवाल्याकडून दुखण्याच्या गोळ्या आणून खात होत्या. मग तिने जरा लाजत विचारलं, “संडासला काळं होतंय का?” “डांबरावानी,” आजी म्हणाल्या. हिमोग्लोबिन साडेपाच निघालं. गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होत होता.

मी त्या मुलाला सांगितलं की निदान ठामपणे सांगितलंस हे चांगलं केलंस, कारण त्यामुळेच ते तपासता आलं. आणि त्या मुलीला सांगितलं की तू हो-नाहीचा प्रश्न सोडून दिलास म्हणून केस उलगडली. एकच नियम: चक्कर हा शब्द लिहून घ्यायचा नाही, चक्कर म्हणजे काय होतं ते लिहायचं. त्यानंतर मी त्या दोघांची जोडी लावून दिली. तो तिला इंग्रजीत केस मांडायला मदत करायचा, ती त्याला शब्द द्यायची: धाप, धडधड, घेरी, मुंग्या, गोळे येणे, अंग मोडून येणे. टर्मच्या शेवटी त्याच्या वहीत अशा शब्दांची चार पानं होती, देवनागरीत लिहिलेली.

मागे बसायला मी फॉरेन्सिकच्या त्याच सरांना बोलावलं, रेघा मारणाऱ्या. ते हसले आणि आले. आधी मी सिनियर सहकाऱ्यांना विचारून पाहिलं होतं. त्यांच्यापैकी एकजण म्हणाले, “आता या वयात माझं इन्स्पेक्शन करणार का तू?” मी म्हटलं, “सर, माझं करायचंय.” तरी आले नाहीत. आपल्याकडे दुसऱ्याच्या वर्गात बसणं म्हणजे त्याच्या घरात न सांगता शिरण्यासारखं. चोवीस तास एकमेकांचे पेशंट बघतो, एकमेकांच्या निदानावर वाद घालतो, पण शिकवताना दार बंद.

फॉरेन्सिकच्या सरांनी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगितली: मी उजवीकडच्या पहिल्या दोन बाकांना शिकवते. तिथे प्रत्येक वाक्याला मान हलवणाऱ्या तीन मुली बसायच्या आणि त्यांच्या मानांवरून मी वर्गाला समजलं असं धरून चालले होते. दुसऱ्या खेपेला म्हणाले, ‘कळलं का’ चारवर आलंय. मग मी त्यांच्या वर्गात बसले. ते फळ्याशी बोलतात, हे त्यांना मी सांगितलं. त्यांचा चेहरा पडला, दोन दिवस नीट बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी स्वतःच येऊन ‘पुढच्या मंगळवारी या’ म्हणाले.

यातून एक गोष्ट निघाली. रात्री वॉर्डात इंटर्नला कोण शिकवतं? आम्ही नाही. ज्युनियर रेसिडेंट शिकवतो, दोन अ‍ॅडमिशनच्या मधे, झोप डोळ्यांत घेऊन. रक्त कसं घ्यायचं, नाकातून पोटात जाणारी रायल्स ट्यूब कशी टाकायची, मृत्यूची बातमी नातेवाइकांना कशी सांगायची. पोरं सगळ्यात जास्त त्याच्याकडून शिकतात आणि शिकवावं कसं हे त्याला कोणीच सांगत नाही, बेसिक कोर्स तर शिक्षकांसाठीच असतो. म्हणून दर शनिवारी राउंडनंतर अर्धा तास मी माझ्या युनिटच्या रेसिडेंटांबरोबर बसू लागले. करून दाखवा, मग तेच बोलत करून दाखवा, मग त्याला बोलायला लावून तुम्ही करा, मग त्याला करू द्या. एवढंच. अर्ध्या वेळा ते बसल्या बसल्या झोपायचे. मी झोपू दिलं.

आणि मग परीक्षेची भानगड. रोनाल्ड हार्डन या वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञांनी 1975 मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीला ओस्की नावाची परीक्षा मांडली. विद्यार्थी एकेका टेबलावर ठराविक मिनिटं काम करतो आणि परीक्षक आधी बनवलेल्या यादीवर खुणा करत जातो. आमच्या टर्म एंडिंगला मी एक टेबल लावलं: दम्याच्या पेशंटला पंप वापरायला शिकवा. पेशंट म्हणून आमच्या वॉर्डातले मामा, म्हणजे वॉर्डबॉय. यादी मी स्वतः खपून बनवली होती. स्वतःची ओळख करून दिली, पंप हलवायला सांगितला, श्वास पूर्ण सोडायला सांगितला, दाबताना हळूहळू आत ओढायला सांगितला, दहा सेकंद रोखायला सांगितला, आणि शेवटी, ‘रुग्णाला समजलं का हे विचारलं’.

तीस पोरं झाली. मार्क भरघोस. शेवटच्या ओळीवर तर एकाचाही मार्क गेला नव्हता. प्रत्येकाने जाताना “कळलं ना मामा?” असं विचारलं होतं आणि मामांनी प्रत्येकाला मान हलवली होती. मी खुशीत कागद गोळा करत होते. मामा खुर्चीवरून उठले, पंप हातात फिरवत माझ्याकडे आले.

“मॅडम, माझ्या बायकोलाबी हाच दिलाय. तीस पोरांनी शिकवलं मला आज. पण ते दाबायचं कधी अन् श्वास ओढायचा कधी, ते काय ध्यानात आलं नाही बघा.”

मी यादीकडे पाहिलं. ती शेवटची ओळ मीच लिहिली होती, आणि तिचा पूर्ण मार्क मीच तीस वेळा दिला होता.

मामांना परत खुर्चीवर बसवलं, पंप त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, “मला करून दाखवा.” त्यांनी आधी दाबला, मग श्वास ओढला. औषध तोंडाबाहेर धुक्यासारखं निघून गेलं. तीन-चार खेपांनी जमलं. बायकोला उद्या घेऊन येतो म्हणाले.

त्या संध्याकाळी यादीतली शेवटची ओळ खोडून तिथे ‘रुग्णाने स्वतः करून दाखवलं’ असं लिहिलं, मार्क एकाचे तीन केले. पुढच्या बॅचला त्या टेबलावर निम्मी पोरं नापास झाली. विभागप्रमुखांनी बोलावून घेतलं. मी जाताना यादी आणि पंप दोन्ही बरोबर नेले आणि पंप त्यांच्यापुढे धरला.